डोमाजीची ढोरवाट

१

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं मला माझ्या आईनं शिकवलं होतं. मी घेते. डोमाजी. नऊ वर्षं सारं गाव त्याचं नाव चोर म्हणून घेत होतं, त्यांना लाज वाटली नाही, तर मला कशाची वाटावी?

डोमाजी आमच्या गावचा ढोरकी होता. सेलूच्या वरच्या अंगाला काळी जमीन संपते आणि दगड सुरू होतो, तिथं आमचं गाव. गावामागं बरड. दोन कोस लांब, उघडाबोडका, वरून परातीसारखा सपाट. सकाळी लोक आपापली ढोरं आखरावर आणून सोडायचे. आखर म्हणजे गावाच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा. तिथून डोमाजी सगळा कळप घेऊन बरडावर चढायचा. ज्या वाटेनं चढायचा तिला आम्ही ढोरवाट म्हणायचो. ती कोणी बांधली नव्हती. खुरांनी पडली होती.

दिवस बुडताना कळप खाली आला की डोमाजी आखरावर उभा राहून एकेका ढोराला हाक मारायचा. आमच्याकडं ढोरं मोजत नाहीत, त्यांची नावं घेतात. नाव घेतलं की ते ढोर आपल्या घराची गल्ली धरायचं. शेवटी उरायची ढवळी. गवळाऊ गाय, दुधासारखी पांढरी, महादेवराव दुकानदाराची. तिच्या गळ्यात लाकडी घंटा होती आणि ती एका बाजूनं फुटली होती, म्हणून प्रत्येक पावलाला दोनदा वाजायची. टक, आणि त्याच्या मागून लंगडत आल्यासारखा दुसरा टक. महादेवरावाचं घर आमच्या पुढं, गल्लीच्या टोकाला. त्यामुळं ढवळी आधी आमच्या दारात थांबायची.

मी उंबरठ्यावर पाण्याचा गुंड भरून ठेवलेला असायचा. आधी गाईच्या खुरांवर पाणी, मग ढोरक्याच्या पायांवर. पाणी पडल्याशिवाय ढोरकी उंबरठा ओलांडत नाही, मग ते घर त्याचं स्वतःचं का असेना. आणि बंद दार तो वाजवत नाही. उभा राहतो, एकदा पाणी मागतो, मिळालं नाही तर जातो. डोमाजीच्या बापाच्याही आधीपासून असंच चालत आलेलं.

सव्वीस वर्षं मी ते पाणी ओतलं. एक दिवस सोडून.

२

चौऱ्याण्णव सालच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी कळप एकटाच खाली आला. हाक न मारता ढोरं आपापल्या घरी गेली. डोमाजी नव्हता. ढवळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातला माणूस आला आणि माझ्याच अंगणात माझीच खाट ओढून बसला.

"किती जनावरं होती कळपात?"

"आमी मोजत नाई, साहेब."

"मोजत नाई म्हंजे?"

"नावानं वळखतो."

त्यानं काहीतरी लिहिलं. तो लिहीत असताना महादेवराव त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"कोन्या रस्त्यानं गेलता तुहा नवरा?"

"ढोरवाटेनं. बरडावर."

त्यानं पिशवीतून नकाशा काढला, मांडीवर उलगडला, बोट फिरवलं. "इथं रस्ता नाई."

"कागदावर नसंल. बरडावर हाये."

"बाई, कागदावर नाई तर नाई. जिथं रस्ताच नाई तिथं शोधाले कोनाले पाठवू मी?"

महादेवराव खाकरला. "साहेब, गवळाऊ गाय हाये. कोनीबी डोये झाकून घेईल. पुलगावच्या अंगानं उतरला असंल, मी सांगतो तुमाले."

झालं. माणसं पुलगावच्या रस्त्यानं गेली. चहा पिऊन परत आली. बरडावर कोणी पाय ठेवला नाही. कागदावर लिहिलं, ढोरकी डोमाजी गाय घेऊन फरार. पण ते लिहायच्या आधी, खाटेवरून उठता उठता, त्या माणसानं मला शेवटचं विचारलं होतं, "काल संध्याकाळी घरी आलता का तो?"

"नाई," मी म्हणाले.

त्याच्या आदल्याच दिवशी माझ्या शोभाला बघायला पाहुणे आले होते. आठ दिवसांत त्यांचा निरोप आला, चोराची पोरगी नको. त्यानंतर ज्या ज्या घरी विषय निघाला तिथं हाच एक शब्द आडवा आला. शोभानं सेलूला दुसऱ्याच्या दुकानात झेरॉक्सच्या मशीनवर उभं राहून नऊ वर्षं काढली. बावीसची होती, एकतीसची झाली. मग दोन हजार चारमध्ये अल्लीपूरचं एक स्थळ आलं. बिजवर, पण माणूस नीट, त्याला शोभा आवडली होती. त्याचा मोठा भाऊ मात्र म्हणाला, आम्हाला काही नाही, पण तो फरार शब्द तेवढा कागदावरून काढून आणा.

एक शब्द. मी कचेरीत गेले तर तिथला साहेब म्हणाला, रस्ताच नव्हता असं लिहिलंय, मग माणूस तिथं हरवला कसा म्हणायचं? आधी रस्ता दाखवा.

३

त्याच वर्षी फाल्गुनात शोभा धापा टाकत घरी आली. हातात मोठ्या कागदाची गुंडाळी.

"माय, हे पाह्य. आमच्या दुकानात एक बुढा आलता. मोजनी खात्यात होता, आता पेन्शनवर हाये. जुना नकाशा घेऊन आलता झेरॉक्स काढाले. त्याच्यावर आपल्या गावाचं नाव हाये."

पुढच्या रविवारी तो माणूस स्वतः आला. प्रभाकरराव. धोतर, चष्मा, डब्यात घडी करून ठेवलेला मूळ नकाशा. मागून कापड लावलेलं, घड्यांवर पिवळा पडलेला. त्यानं तो माझ्या ओसरीवर पसरला तेव्हा त्यातून बंद पेटीचा वास आला.

"सन एकोणीसशे बावीसचा आहे," तो म्हणाला. "त्या वेळी साखळी घेऊन गावोगाव फिरून काढलेला. बाई, वाचता येतं का तुम्हाला?"

"अक्षर येत नाई. बरड येते."

तो हसला. मी हसले नाही. मी बघत होते. तपकिरी बारीक रेघा, एकीत एक, गाईच्या शिंगावरच्या वलयांसारख्या. जिथं त्या दाटल्या होत्या तिथं चढ. जिथं विरळ, तिथं सपाट. निळी रेघ आमचा नाला. मला कोणी सांगावं लागलं नाही. मी आखरावर बोट ठेवलं आणि तिथून काळ्या टिंबांची ओळ वर निघाली होती. नाला ओलांडून, पहिल्या चढावर उजवीकडं वळून, खडकाच्या कपारीला वळसा घालून. ढोरवाट. डोमाजी जेवताना जशी सांगायचा तशीच, वळणाला वळण.

मला रडू आलं नाही. मला त्या ठाण्यातल्या माणसाच्या मानेला धरून त्याचं नाक त्या टिंबांवर घासावंसं वाटलं.

"हे काय हाये?" मी विचारलं. बरडाच्या मध्ये, टिंबांची ओळ जिथं थांबत होती तिथं एक काळा चौकोन होता. मुगाच्या दाण्याएवढा.

प्रभाकररावानं चष्मा वर केला. "घर."

"बरडावर घर नाई."

"बावीस साली असेल."

"डोमाजीचा बाप ढोरकी होता, आजा ढोरकी होता. तिथं दगडाबिगर काई नाई, भाऊ. कवाच नव्हतं."

"मग कोणाच्या लेखणीतून शाई गळली असेल," तो म्हणाला. पण त्यानं नखानं तो चौकोन खरवडून बघितला, आणि मग बोट धोतराला पुसलं, आणि पुन्हा पुसलं.

४

शोभानं काढलेली झेरॉक्स मी भिंतीतल्या देवळीत ठेवली. संध्याकाळी भाकरी झाल्या की मी ती उलगडायचे आणि टिंबांवरून बोट न्यायचे. आखर, नाला, चढ, कपार, चौकोन. माझी पोथी तीच.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मला आवाज आला. लांबून, बरडाच्या अंगानं. टक. आणि मागून दुसरा टक.

मी मनाला म्हटलं, सुतारपक्षी असेल. मग म्हटलं, दिवस बुडताना सुतारपक्षी कुठला. मग म्हटलं, कोणी लाकूड फोडत असेल. मग मनालाच शिवी दिली आणि चूल विझवली. म्हातारपणी कान काहीही आणून देतात. माझ्या सासूला शेवटी शेवटी कढईतून भजन ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. कालच्यापेक्षा जवळून.

"तुले ऐकू येते काय काई?" मी शोभाला विचारलं.

"काय?"

"काई नाई. जेव."

ती जेवायला बसली. पण मी बघितलं, तिचा घास हातातच राहिला होता आणि ती दाराकडं बघत होती.

५

कचेरीत पंधरा दिवसांनी आमचा नंबर लागला. साहेब, त्याच्या बाजूला आमच्या गावचा तलाठी हरिदास, आणि कोणी बोलावलं नसताना महादेवराव. प्रभाकररावानं टेबलावर मूळ नकाशा पसरला आणि पेपरवेटनं कोपरे दाबले.

"ही पाहा, साहेब. ढोरवाट. टिंबाटिंबाची."

साहेब वाकला. हरिदास वाकला. मी मागून बघितलं.

टिंबं आखरावर थांबत नव्हती. आखर ओलांडून गावात शिरली होती. आमच्या गल्लीत. गल्लीच्या मध्ये एक काळा चौकोन होता, आणि टिंबांची ओळ त्याच्या तोंडाशी येऊन उभी होती.

"हे कवा काढलं?" मी विचारलं.

प्रभाकररावानं माझ्याकडं बघितलं. "काय?"

"हे. गल्लीतलं. त्या दिवशी वाट आखरावर संपत होती."

"बाई, छापील नकाशा आहे. जे होतं तेच आहे."

"भाऊ, हे माहं घर हाये. त्र्याहत्तर साली बांधलं. भिंतीची माती मी ह्या पायानं तुडवली, शोभा पोटात... नाई, शोभा कडेवर होती. बावीस साली तिथं बाभूळबन होतं."

महादेवराव हसला. "हे बुढी अक्षरशत्रू, साहेब. अन् नकाशा वाचून राह्यली."

"वाचता तुमाले येते, महादेवराव," मी म्हणाले. "नऊ वर्षं झाली, अजून माणूस वाचता आला नाई."

साहेबानं हात वर केला. शोभानं पर्समधून झेरॉक्स काढून नकाशाच्या बाजूला ठेवली. तिच्यावर टिंबं आखरावर संपत होती. गल्लीत काहीच नव्हतं. कोरं.

साहेबानं आधी नकाशा बघितला, मग झेरॉक्स, मग पुन्हा नकाशा.

"झेरॉक्समध्ये फिकी शाई येत नाई, साहेब," शोभा शेवटी म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकाला सांगते त्या आवाजात. "खूप वेळा होते असं."

मी मूळ नकाशाकडं बघितलं. ती शाई फिकी नव्हती. बाकी सगळ्या टिंबांपेक्षा काळी होती.

पण साहेबाला ते पटलं, कारण त्याला पटवून घ्यायचं होतं. रस्ता कागदावर निघाला, त्याचं काम सोपं झालं. त्यानं हरिदासाला सांगितलं, जागेवर जा, पाहणी करा, पंचनामा लिहा. प्रभाकरराव नकाशाची घडी करत होता. घडी तीनदा चुकली.

६

चैत्राच्या सुरुवातीला आम्ही बरडावर चढलो. सकाळची वेळ. पुढं मी, मागं हरिदास, शोभा, आणि सगळ्यात मागं प्रभाकरराव. महादेवराव आखरापर्यंत आला, म्हणाला गुडघे दुखून राह्यले, आणि दगडावर बसला.

मी नकाशा मागितला नाही. नाला कोरडा ठणठणीत होता. पहिल्या चढाला उजवीकडं वळले. कपारीला वळसा घातला.

"आजी, सावकाश," हरिदास म्हणाला. पोट सुटलेला माणूस, त्याला दम लागला होता.

"नऊ वर्षं सावकाशच चालून राह्यलं तुमचं," मी म्हणाले.

वर पोचलो. वारा नव्हता. बरडावर वारा नाही असा दिवस मी बघितला नव्हता. प्रभाकररावानं डब्यातून नकाशा काढला, एका दगडावर टेकवला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि शंभर पावलांवर बोट दाखवलं. "चौकोन तिथं यायला पाहिजे."

घर नव्हतं. भिंत नव्हती, पायाही नव्हता. दगडांमध्ये एक आडवी शिळा होती, घराच्या उंबरठ्याएवढी लांब, मध्ये झिजलेली. पायांनी झिजते तशी. तिच्या मागं काही नाही, पुढं काही नाही. नुसता उंबरठा, आणि दोन्ही बाजूंना बरड.

उंबरठा ओला होता.

हरिदासानं आधी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. शोभानं खाली वाकून हात लावला आणि झटकन मागं घेतला. "गार हाये," ती म्हणाली. चैत्रातल्या दगडावर. माझ्या माठातल्या पाण्याइतकं गार.

शिळेच्या समोर खुरांचे ठसे होते. एक दोन नव्हे. सगळी जमीन त्यांनी उकरलेली. आणि सगळे ठसे एका दिशेचे. आमच्या गावाकडं जाणारे. कडा अजून ओल्या होत्या, जणू कळप पाण्यातून निघून नुकताच गेला होता. पण आम्ही त्याच वाटेनं वर आलो होतो. आम्हाला कोणी भेटलं नव्हतं.

"कोनाची ढोरं चरतेत इथं आता?" हरिदासानं विचारलं.

"डोमाजी गेल्यावर गावानं ढोरकी ठेवला नाई," मी म्हणाले. "बरडावर कोनी ढोर सोडत नाई."

त्यानं मान हलवली आणि उभ्याउभ्याच लिहायला लागला. प्रभाकररावानं नकाशा घडी न करता तसाच डब्यात कोंबला. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "हा तुमच्याकडंच ठेवा. मला नको." आणि डबा शोभाच्या हातात देऊन तो खाली चालायला लागला. वाटेनं नाही. दगडांतून, काट्यांतून, वाट टाळत.

७

आठ दिवसांनी कागद मिळाला. शोभानं वाचून दाखवला.

"सदर ढोरवाट जुन्या नकाशात आहे. जागेवर पाहणी केली असता वाट आढळली. वाट वापरात आहे."

"काय आहे?"

"वापरात, माय."

"होती असं पाहिजे. मले होती पाहिजे. आहे कोन म्हनलं?"

"जाऊ दे नं. फरार काढतो म्हनले. अल्लीपूरवाल्याले दाखवू आपन." तिनं कागद छातीशी धरला होता. नऊ वर्षांत मी तिला कुठली गोष्ट अशी धरताना बघितलं नव्हतं.

माझा राग तेव्हा उतरायला पाहिजे होता. उतरला नाही. चढला. साहेबावरचा, महादेवरावावरचा, त्या ठाण्यातल्या माणसावरचा सगळा राग एकदम मोकळा झाला, त्याला जायला जागा उरली नाही, आणि तो वळून माझ्या अंगावर आला.

कारण त्या दिवशी डोमाजी घरी आला होता.

आता लपवून काय करू. पाहुणे शोभाला बघायला येणार हे त्याला आठ दिवस आधी माहीत होतं. तरी तो कळप घेऊन वर गेला. पाहुणे विचारत राहिले, पोरीचा बाप कुठं आहे. मी हसून हसून तोंड दुखवलं. ते गेल्यावर कळप एकटा खाली आला, आणि मी म्हटलं, बस आता वरच. गुंड उचलून आत नेला. दार लावलं. कडी घातली.

अंधार पडता पडता टक टक आली. दारात थांबली.

"शोभाची माय," तो म्हणाला. "पानी."

मी उठले नाही. चुलीपुढं बसून राहिले. शोभा मागच्या खोलीत रडून झोपली होती. मी मनात म्हटलं, आज वाजव दार. आज तरी रीत मोड. माफी माग.

त्यानं दार वाजवलं नाही. घंटा थोडा वेळ जागच्या जागी वाजली, गाय माशा झटकते तशी. मग वाजत वाजत गेली. महादेवरावाच्या घराकडं नाही. उलटी. आखराकडं, वर.

सकाळी ठाण्यातल्या माणसानं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग दार का नाही उघडलं? माझ्या त्या एका शब्दानं तो पुलगावला पळालेला चोर झाला. महादेवरावानं नाही केला त्याला चोर. मी केला.

आणि एक गोष्ट मी नऊ वर्षं स्वतःलाही सांगितली नव्हती. त्याचा आवाज त्या दिवशी दाराच्या बाहेरून आला, पण खालून आला. उंबरठ्याच्या जवळून. जणू बोलणारा उभा नव्हता.

८

ज्या दिवशी अल्लीपूरचा माणूस कागद बघून हो म्हणून गेला, त्याच संध्याकाळी घंटा आखरावर आली.

मी अंगणात होते. सगळ्यांनी ऐकली असणार, कारण शेजारची पोरं एकदम गप्प झाली आणि दारं लागायला लागली. एकामागून एक, आखराकडून आमच्याकडं. कडी, कडी, कडी. घंटेच्या पुढंपुढं.

"माय, आत ये," शोभा म्हणाली.

"तू मागच्या खोलीत जा."

"माय."

"जा म्हनलं नं."

मी आत आले. दार लोटलं. हात कडीवर गेला. खरं सांगते, गेला. तेवढ्यात घंटा दाराशी येऊन थांबली आणि वास आला. ओल्या दगडाचा.

"शोभाची माय. पानी."

नऊ वर्षांत त्या आवाजाला एक दिवसही वय चढलं नव्हतं. आणि तो आजही खालूनच येत होता.

मी कडीवरचा हात काढला. गुंड उचलला. डाव्या हातानं दार ओढलं, अर्धंच, पाणी ओतता येईल एवढं.

मी वर बघितलं नाही. माझी हिंमत नव्हती म्हणा, नाहीतर राग होता म्हणा. मी खाली बघितलं, जिथं पाणी पडायला पाहिजे तिथं. पांढरे खूर. त्यांच्या मागं खूर. त्यांच्याही मागं. गल्ली भरून, आखरापर्यंत, पायच पाय, ओले, एकही हलत नव्हता. आमच्या गावात एवढी ढोरं कधीच नव्हती. आणि पांढऱ्या खुरांच्या शेजारी, जिथं माणसाचे दोन पाय असायला पाहिजे होते, तिथं दोन हात टेकलेले होते. पंजे पसरून. उजव्याच्या करंगळीत तांब्याचं वळं होतं. मीच घातलेलं.

मी पाणी ओतलं. आधी खुरांवर. मग त्या हातांवर. भरला गुंड सगळा ओतला.

पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही.

"आता जा अन् महादेवरावाची गाय त्याच्या घरी बांध," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता, पण शब्द माझे होते. "माह्या पोरीले चोराची म्हनून नऊ वर्षं वागवलं. गाय बांधल्याशिवाय माह्याशी बोलजो नोको."

घंटा पुढं गेली. महादेवरावाच्या घराकडं.

ती परत आली नाही. पण मी दार लावून वळले तेव्हा उंबरठ्याच्या आतल्या अंगाला, सारवलेल्या जमिनीवर, दोन ओले पंजे उमटलेले होते. त्यांच्यापुढं आणखी दोन. तिसरे चुलीच्या अंधारात गेले होते. पाणी पडल्यावर ढोरकी घरात येतो. रीतच ती.

९

सकाळी ढवळी महादेवरावाच्या खुंट्याला बांधलेली होती. तीच. शिंगाचं टोक मोडलेलं, गळ्यात फुटकी घंटा. नऊ वर्षं उलटलेली, पण गेली तेव्हा होती तशीच ऐन उमेदीत, एक दात पडलेला नाही. महादेवराव चावडीवर सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, माह्याकडून चूक झाली. मला वाटलं होतं तो शब्द ऐकून मला बरं वाटेल. तो बोलत होता आणि हात धोतराला पुसत होता, प्रभाकररावानं पुसला होता तसा.

शोभाचं लग्न वैशाखात झालं. अल्लीपूरला नांदते. मी तिला सांगितलं आहे, इकडं येऊ नकोस, मीच येत जाईन. तिनं का असं विचारलं नाही. जाताना तिनं डब्यातला नकाशा एकदा उघडला, बघितला, आणि बंद करून माझ्या हातात दिला. मी नंतर बघितला. टिंबं आता आमच्या चौकोनाच्या तोंडाशी थांबत नाहीत. आत जातात. बाहेर एकही निघत नाही. देवळीतली झेरॉक्सही काढून बघितली. तिच्यावरही तेच.

ढवळी महादेवरावाच्या टाक्यातलं पाणी पीत नाही. रोज दिवस बुडताना दावं तोडून एकटी येते आणि माझ्या दारात उभी राहते. मी तिच्या खुरांवर पाणी ओतते. ती माझ्याकडं बघत नाही. माझ्या खांद्यावरून, घरात, चुलीच्या बाजूच्या अंधाराकडं बघते. कान पुढं करून. ढोर आपल्या ढोरक्याकडं बघतं तसं. आणि तिची नजर हळूहळू सरकते. चुलीपासून खांबाकडं. खांबापासून माझ्याकडं. रोज थोडी जवळ.

मागून कधीकधी श्वास ऐकू येतो. खालून, जमिनीच्या जवळून.

एकदा तो दारात आला आणि मी उठले नाही. आता तो पाठीशी आहे आणि मी वळत नाही. गुंड पालथा घालते, गाईच्या कपाळावर हात ठेवते, आणि न वळता म्हणते,

"बस तिथंच. माहा राग अजून गेला नाई."